तारीखबाईंनी शोधलेली पाच वर्षं

"आधी तारखा सांगा, रडायचं ते नंतर."

समोर कुणीही येऊन बसलं की बाईंचं पहिलं वाक्य हेच. खरं नाव भिंतीवर टाचलेल्या परवान्यावर होतं, पण आम्हा बाहेरून आलेल्या माणसांत त्या तारीखबाईच. परक्या देशात कायमचं राहायची परवानगी हवी असेल तर अर्ज कसा करायचा, अडला तर कायद्याने कसा सोडवायचा, हे त्या फुकट बघत. दर शनिवारी, सभागृहाच्या मागच्या खोलीत. तिथं दुसरं टेबल नव्हतं, म्हणून टेबलटेनिसच्या टेबलावरच काम चाले. जाळीच्या अलीकडे हातात असलेले कागद, पलीकडे अजून मिळवायचे त्यांच्या चिठ्ठ्या. बाई साठीच्या, अंगाने काडी, आवाज मात्र चौघींना पुरेल एवढा. कधीकाळी त्या स्वतः परक्या म्हणूनच इथं आल्या आणि हॉटेलातल्या चादरी धूत धूत कायद्याच्या परीक्षा दिल्या, असं लोक सांगत. त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नाही.

मी गेलो ते धाकटीसाठी. धाकटी म्हणजे माझ्या भावाची बायको. मी गाईंच्या फार्मवर दूध काढतो, भाऊ तिथंच ट्रॅक्टर चालवतो, आणि गोठ्यामागच्या घरात आम्ही सगळे एकत्र राहतो. मला परवानगी मिळालेली होती, भावालाही मिळाली. धाकटीचा अर्ज तेवढा परत आला. सलग पाच वर्षं इथं राहिल्याचा पुरावा नाही. अठ्ठावीस दिवसांत द्या, नाहीतर देश सोडा. सोडला की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. आणि त्यांची पोर नुकती कुठं बालवाडीत रुळत होती.

धाकटीला शेजारी बसवून मी फाइल जाळीच्या अलीकडे ठेवली. छाती जरा पुढेच होती माझी. घरभाड्याचा करार, वीज, पाणी, फोन, पाच वर्षांतला एक कागद हरवू दिला नव्हता.

बाईंनी एकेक पान उलटलं. "हे नाव कुणाचं?"

"माझं."

"आणि हे?"

"माझंच."

"हा फोन कोण वापरतं?"

"धाकटी."

"मग नाव?"

"बाई, घरात थोरला मी. सगळं माझ्याच नावावर असणार ना!"

"वा! म्हणजे सरकारच्या लेखी या घरात पाच वर्षं तुम्ही एकटेच राहताय." त्यांनी पाण्याचं बिल चष्म्याजवळ नेलं. "एकट्या माणसाला आंघोळीला किती पाणी लागतं हो, दादा!"

धाकटी खुदकन हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. माझी मान मात्र खाली गेली. माझ्या वडिलांनी असंच केलं होतं, त्यांच्या वडिलांनीही. घर थोरल्याच्या नावावर, की सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर. त्या छपराखाली धाकटी रोज वावरत होती आणि कागदावर कुठंच नव्हती.

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "ती इथंच होती. घ्या माझी सही."

"तुमची सही पुष्कळ झाली. आता हिची शोधू." खुर्ची वळवून त्या धाकटीसमोर बसल्या. "सकाळी कुठं जातेस गं? घरातलं नको सांगू."

"वृद्धाश्रमात. भाजी चिरायला. पगार नाही, पण मन रमतं."

"कधीपासून?"

"इथं आल्यापासून. आठवड्याचे पाच दिवस."

"सही करतेस कशावर?"

"छे, कुणी मागतच नाही." मग ती अडखळली. "फ्रिजच्या तक्त्यावर करते. जी पहिली पोचते तिनं फ्रिज किती थंड आहे ते लिहायचं, वेळ टाकायची, सही करायची. पहिली बहुतेक मीच असते."

तारीखबाई उठून उभ्याच राहिल्या. "ते तक्ते टाकून देतात की ठेवतात?"

तिथली मुख्य स्वयंपाकीण तपासनिसाच्या धाकाने चिठोरंसुद्धा फेकत नसे. साबणाची सहा खोकी तिनं कोठारातून ओढून दिली आणि वर संस्थेचं पत्रही मिळवून दिलं. पुढच्या शनिवारी टेबलटेनिसचं टेबल त्या तक्त्यांनी झाकून गेलं. चार अंश, चार अंश, पाच अंश, आणि शेजारी धाकटीची तिरपी सही. पहिल्या हिवाळ्यातली सही बिचकलेली, रकान्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. मग हळूहळू ती ऐसपैस होत गेली, आणि शेवटी तर रकान्याबाहेर पाय पसरायला लागली. मी दहा वर्षं रोज दोनशे गाईंचं दूध काढतो. रोज तेच काम करण्यात काय असतं ते मला कळतं. पण आमच्या घरातली बाई रोज पहाटे कुठंतरी पहिली पोचते, हे मला माहीत नव्हतं.

मध्येच चार महिने कोरे निघाले. धाकटीचा चेहरा उतरला.

"तेव्हा कुठं होतीस?"

"बाळंतपणात."

"मग दवाखान्यात तरी तुझ्याच नावानं झोपवलं होतं ना? की तिथंही दादाच?"

बाहेर रांगेतले लोक काय झालं म्हणून डोकावले, एवढे आम्ही हसलो. दवाखान्याची कागदपत्रं दोन दिवसांत मिळाली. तेविसाव्या दिवशी गठ्ठा रवाना झाला.

सात आठवड्यांनी पोस्टमन दारात आला. मी सवयीनं हात पुढे केला.

"तुमचं नाही," तो म्हणाला.

धाकटीनं पाकीट घेतलं, ओल्या हातांनीच फोडलं आणि उंबऱ्यावर बसून दोनदा वाचलं. "मिळाली, दादा," म्हणाली. मग ट्रॅक्टरच्या आवाजाच्या दिशेनं पळत सुटली.

शनिवारी आम्ही पत्र घेऊन गेलो तेव्हा बाई खोलीला कुलूप लावत होत्या. त्यांनी पत्र उजेडात धरून धाकटीच्या नावातलं अक्षर न् अक्षर तपासलं.

"बरोबर आहे. मूळ प्रत तुझ्याजवळच ठेव. कुणाला द्यायची नाही." मग माझ्याकडे बघून, "कळलं ना, दादा?"

"कळलं," मी म्हणालो.

धाकटी पाया पडायला वाकली तर त्या म्हणाल्या, "अगं, बस जाईल माझी," आणि पायऱ्या उतरल्या. कागदांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, कुंपणाच्या कडेकडेनं चालत राहिल्या. वळणावर बस दिसली तरी धावल्या नाहीत. नुसता हात वर केला. धाकटी आणि मी पायरीवरून बघत होतो. बस थांबली.