चाळणीबाईंचं लाल स्टिकर

वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत व्हिडिओ गेम जायचा, तर तो आधी चाळणीबाईंच्या हाताखालून जायला हवा. बाई मूळच्या गणिताच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसतील तर शपथ! वाचनालयाने त्यांना गेम तपासायचं काम दिलं आणि मुलांनी हे नाव दिलं. हिरवं स्टिकर म्हणजे खुशाल खेळा, पिवळं म्हणजे सोबत मोठं माणूस हवं, आणि लाल म्हणजे विषय संपला.

तपासायची तऱ्हाही न्यारी. डब्यावर काय छापलंय ते बाई वाचतसुद्धा नसत. "मूल जिंकायला नाही बसत हो, आधी धडपडायला बसतं," असं म्हणून त्या मुद्दाम हरायच्या. दिसेल त्या खड्ड्यात उडी, दिसेल त्या भिंतीवर टाळकं. रक्त उडतं का, कोणी किंचाळतं का, सगळं बघायच्या. शेजारच्या खोलीत "मेले एकदाची!" असा आनंदी आवाज आला की ग्रंथपाल समजायचे, काम चालू आहे.

या खेपेचा गेम म्हणजे अंतराळातलं ओसाड स्थानक. आरसे फिरवून प्रकाशाचा झोत नेमका कुलपावर पाडायचा, मग दार उघडणार. बंदूक नाही, रक्त नाही. फक्त स्थानक सांभाळणारं एक यंत्र सारखं बोलत असे. बाईंची नात या गेमकडे डोळे लावून बसली होती. शनिवारच्या खेळाच्या तासाला पहिला नंबर तिचाच, आणि आजीच्या मागे भुणभुण चालूच.

बाई मजेत हरल्या. मग म्हटलं, आता जिंकूनही बघू, आणि तिथेच गाडी अडली. आरशांच्या खोलीत झोत कुलूप सोडून सगळीकडे पडे. वर ते यंत्र गोड आवाजात म्हणालं, "अजून इथेच? इतकं सोपं आहे की सांगायलाही लाज वाटते."

झालं! जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला एक डबडं हे ऐकवणार? पारा चढला, गेम बंद झाला आणि डब्यावर थाडकन लाल स्टिकर बसलं.

"अहो, पण यात वाईट काय आहे?" ग्रंथपालांनी विचारलं.

"उद्धटपणा! असलं ऐकून मुलं खचतात. माझ्या खोलीत मुलांचा अपमान चालायचा नाही."

कारण खोटं नव्हतंच. न उघडलेल्या दाराबद्दल मात्र बाईंनी चकार शब्द काढला नाही.

शाळा सुटल्यावर नात आली. लाल स्टिकर पाहून तिचे डोळेच भरून आले, पण रडली नाही. हट्टाला पेटली. "लाल का, ते दाखव."

आता आली का पंचाईत! बाईंनी गेम लावून दिला. नातीने आरसा फिरवला, चुकला. यंत्राने लगेच लाज काढली आणि नात खुदकन हसली. पुन्हा चुकली, पुन्हा बोलणी खाल्ली, पुन्हा हसली.

"अगं, वाईट नाही वाटत तुला?"

"छे! तू अभ्यास घेताना असंच तर बोलतेस. सवय आहे मला."

"मग तेव्हाही हसू येतं?"

"तेव्हा नाही येत," पडद्यावरची नजर न काढता नात म्हणाली. "हे यंत्र खोटं आहे ना."

बाईंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पोरगी तक्रार करत नव्हती, सहज सांगत होती, म्हणून तर जास्तच. त्यांनी डब्यावरचं लाल स्टिकर सोलून काढलं आणि तिथे हिरवं लावलं.

"मग हे इथे," असं म्हणत नातीने ते लाल स्टिकर आजीच्या स्वेटरवर चिकटवलं. बाईंनी ते काढलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसल्या. नातीने पुन्हा भलताच आरसा फिरवला. "अगं, इतकं सो..." बाईंनी जीभ चावली. घसा खाकरून म्हणाल्या, "मलाही हे दार उघडता आलं नाही."

नात गर्रकन वळली. "तुला? खरंच?"

"खरंच. सगळं करून पाहिलं."

नात इतकी खूश झाली की आजीला कोपराने ढोसतच सुटली. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी दार काही उघडलं नाही. दोघी मिळून यंत्राला मात्र यथेच्छ बोलल्या.

निघताना नातीने आजीच्या स्वेटरवरचं लाल स्टिकर काढलं, टेबलावरून पिवळं उचललं आणि त्याच जागी नीट दाबून बसवलं.

"मी सोबत असले, तर चालेल," ती म्हणाली.