घासल्याशिवाय जात नाय

"घासल्याशिवाय जात नाय!" असं म्हणून बाई ओल्या फडक्याने फळ्याला भिडायच्या. फळा आणि बाई यांच्यात आधी कोण दमतं, हे बघत वर्ग चिडीचूप बसायचा. दमायचा फळाच.

पोलादपूरजवळच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या, मी विज्ञान. वर्गात त्यांचं बोलणं पुस्तकासारखं. शिक्षकांच्या खोलीत आल्या की चपलांबरोबर प्रमाणभाषाही दाराशी काढून ठेवायच्या. शुद्धलेखनाच्या चुका, डब्याचा करपलेला तळ, नव्याने रुजू झालेल्या सरांचा तोरा, सगळ्यांवर त्यांचा उपाय एकच. घासल्याशिवाय जात नाय.

परीक्षेच्या दिवसांत उकाड्याने आम्ही सगळे पातळ झालेलो असायचो आणि बाई मात्र मनगटापर्यंतच्या बाह्यांचं पोलकं घालून, औषधी साबणाचा वास घेऊन यायच्या. आम्हाला वाटायचं, शिस्त. शिस्तीबद्दल आपण फारशी चौकशी करत नाही.

एकदा नळावर डबा धुताना त्यांनी बाही वर सरकवली. कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे, त्यांवर माशाच्या खवल्यांसारखे पांढरे पापुद्रे आणि मधे मधे ताजं रक्त.

"बघतेस काय? खरूज नाय ती," बाई म्हणाल्या. "रोज घासते मी."

मीच त्यांना महाडला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते आणि कमी बोलायचे. हे दोन गुण एकत्र क्वचित सापडतात.

"हा सोरायसिस आहे. घाणीमुळे होत नाही, कुणाला लागतही नाही. अंघोळ कशी करता?"

बाईंनी पाठ केलेलं म्हणावं तसं सांगितलं, "पहाटे कडकडीत पाणी. औषधी साबण. मग दगड. संध्याकाळी परत."

"दगड?"

"अंग घासायचा. सावित्रीतला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, या आजारात कातडी जिथे खरचटते, तिथेच नवा चट्टा उठू शकतो. तुम्ही तो काढत नाही आहात, पेरताय."

मग त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं, की फी देताना जिवावर यावं. पाणी कोमट. साबण सौम्य. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच मलम लावायचं. पापुद्रे ओढायचे नाहीत. आणि दगड बंद.

स्टँडवर चहा घेताना बाई उसळल्या. "अंग घासू नका म्हणतो! ह्याच्या आईने ह्याला कवा न्हाऊ घातला का नाय?"

"तुम्हाला कुणी शिकवलं दगडाने घासायला?"

"आईने. दासगावच्या बाजूला आमची बौद्धवाडी. तिथनं शाळेत जाणारी मी पयली पोर. मजुरीला जायच्या आधी आई मला न्हाणीत उभी करायची. म्हणायची, तुला बघून कुणी नाक मुरडायला कारणच ठेवायचं नाय. मी रडायचे, लालबुंद व्हायचे. मग म्हणायची, आता जा."

"आणि शाळेत?"

"मुरडायचेच की नाक." बाईंनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "मग दुसऱ्या दिवशी आई आणखी जोरात घासायची."

महाडचं तळं त्या स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाण्याबद्दल या गावात मी काय बोलणार?

बाईंनी दगड बंद केला. मुलाला दारू सोडताना पाहावं, तशी मी त्यांच्याकडे बघत होते. "अंघोळ केली असं वाटतच नाय गो," त्या कुरकुरायच्या. "नुसती भिजते." पण खवले गळाले, लाली उतरली. पावसाळा संपता संपता एका सकाळी बाई अर्ध्या बाह्यांचं पोलकं घालून आल्या. मी वर्गात जाऊन डोळे पुसले. फक्त मनगटांवर थोडे चट्टे उरले होते.

त्याच सुमारास शाळेत स्वच्छता सप्ताह झाला. पाहुणे उशिरा आले, पण बऱ्याच गाड्यांतून आले. स्वच्छता हीच खरी पूजा, असं त्यांनी निरनिराळ्या शब्दांत सांगितलं. भाषण चालू असताना त्यांच्या माणसांनी पाण्याच्या बाटल्या मंडपातच टाकल्या. सर्वांत स्वच्छ वर्गाचं बक्षीस बाईंच्या वर्गाला होतं.

बाई मंचावर गेल्या. पाहुण्यांनी हात पुढे केला, त्यांची नजर बाईंच्या हातावर गेली आणि पुढे केलेला हात परत फिरला. सरळ खिशात गेला. स्मृतिचिन्ह त्यांनी शिपायाकडे दिलं, शिपायाने बाईंना दिलं. "साहेब, थोडं जवळ," फोटोवाला म्हणाला. साहेब जवळ सरकले नाहीत. टाळ्या मात्र वाजल्या. मी सभोवार पाहिलं. कुणाचाही चेहरा बदलला नव्हता.

बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"त्यांना माहीत नसेल, हे लागत नाही ते," मी म्हणाले.

"त्याला काय माहीत हाय, ते मला पोरवयापासून माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या नाहीत. मी त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडं, न्हाणीतून वाफ येत होती. बाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटलेले, फरशीवरचं पाणी गुलाबी. शेजारी दगड.

"निघालं नाय गो," त्या म्हणाल्या.

जखमा चिघळल्या, ताप चढला. महाडच्या दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी विचारलं, "घासलंत?" पहिलीतल्या मुलीसारखी बाईंनी मान डोलावली. त्या वाचल्या. पण शाळेत परत आल्या नाहीत. मुलगा येऊन त्यांना बदलापूरला घेऊन गेला.

खोली रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. न्हाणीच्या कोनाड्यात दगड तसाच होता. मी फोन केला. "बाई, दगड पाठवू का?"

"तो आईचा हाय. फेकू नको," बाई म्हणाल्या. आणि मग, "पाठवू पण नको."

म्हणून तो आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. कुठला खडक म्हणून मुलं विचारतात. बेसॉल्ट, मी सांगते. आपल्या सगळ्या डोंगरांचा असतो तोच, कठीण. त्याची एक बाजू झिजून आत गेली आहे, बरोबर एका हाताच्या गोलाईएवढी.

पाण्याने दगड झिजतो, हे मी दरवर्षी शिकवते. हा पाण्याने झिजलेला नाही.