जानरावांनी समुद्र चाखला

…तर काल जानरावांना आपण विमानातून उतरवून ठेवलं होतं. धोतर सावरत ते बाहेर आले आणि ऑस्ट्रेलियात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलीनं, दामिनीनं, विचारलं, "बाबा, काय काय पाहायचं तुम्हाला?"

"पाहाचं काई नाई. समुद्र चाखाचा हाये."

आता हे काय खूळ, ते सांगितलंच पाहिजे. जानराव दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले. तिथं विहिरीला पाणी लागलं की कुणी पेढे वाटत नाही; आधी बोट बुडवून जिभेला लावतात. जानरावांच्या विहिरीचं पाणी असं, की चहात दूध फाटतं आणि डाळ दुपारपर्यंत शिजायचं नाव घेत नाही. दुसऱ्यानं ही गोष्ट झाकून ठेवली असती. जानराव मात्र चाळीस वर्षं छाती फुगवून सांगत आले, "माह्या विहिरीपुढं समुद्र मंजे शरबत!" समुद्र अर्थात त्यांनी पाहिला नव्हता.

हे ते सांगायचे जीपच्या थांब्याजवळ, कडुलिंबाच्या बुंध्याला पाठ टेकून. ती टेकायची जागा त्यांची. बाकीचे सगळे समोर, पाठीला टेकू नसताना बसणारे. त्यात शेजारच्या शेताचे महादेवराव आघाडीवर. तिकीट निघाल्याचं कळलं तसे ते म्हणाले, "चाललाच हायेस त चाखून ये. समुद्र जास्त खारट निंगला त बुंधा माहा. आन् साक्षीले वहिनी. तुह्या जिभेवर माहा भरोसा नाई."

रुख्मिणीबाई खोटं बोलत नाहीत, ही जानरावांची लग्नापासूनची अडचण.

दामिनीनं गर्दीचा किनारा टाळला. दोन तास गाडी, मग राष्ट्रीय उद्यानातून अर्धा तास पायवाट. ना टपरी, ना माणूस. वाटेत एक कांगारू कान टवकारून उभं. जानरावांनी सवयीनं ढेकूळ शोधायला हात खाली नेला. आयुष्यभर पिकातून रोही, म्हणजे नीलगाई, हाकललेला माणूस! दामिनीनं हात धरला. "बाबा, त्यांचंच रान आहे हे."

"मंग पीक कोनाचं खातेत?" जानरावांना खरंच काळजी वाटली.

पायवाट संपली तिथं जंगलातला एक ओहोळ वाळूत येऊन साचला होता. जानराव लगेच उकिडवे बसले, ओंजळभर पाणी घेतलं आणि ओरडले, "गोड! साखरेवानी गोड! दामिनी, लाव महादेवले फोन!"

"अवो, हा नाला हाये," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "समुद्र थो. आरडून राहिला थो."

"शेवटी समुद्रालेच मिळते ना हे?"

"मिळू द्या. मिळाल्यावर चाखा."

फोनला रेंजही नव्हती. जानराव उठले आणि पोळ्याला न सजवलेल्या बैलासारखे पाय ओढत निघाले. लाटांना ते भीत नव्हते; त्यांना डोळ्यांपुढं बुंधा दिसत होता, आणि बुंध्याला महादेवराव.

पण पाण्यापाशी आले आणि सगळं विसरले. एक पिवळ्या दाढीचा माणूस लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभा राहू बघत होता. राहायचा आणि धप्पकन पडायचा. जानरावांना राहवेना. पेरणीआधी ढेकळं फोडायला बैलांमागं फळी ओढतात, तिच्यावर उभं राहण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा नव्हता. धोतर खोचून ते गुडघाभर पाण्यात शिरले. "अबे, गुडघे वाकव! ताठ कावून उभा राहून राहिला? एक पाय म्होरं!" आणि स्वतः वाकून, हात पसरून दाखवू लागले.

दाढीवाल्यानं बघितलं, तसंच केलं, आणि उभा राहिला! थेट किनाऱ्यापर्यंत आला. जानरावांनी शाबासकी द्यायला तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच मागची लाट त्यांच्या तोंडात शिरली.

दोघींनी बखोट धरून त्यांना उभं केलं. दाढीवाल्यानं टोपी शोधून आणली आणि वाकून हातात दिली. जानराव थुंकत होते, खोकत होते, पुन्हा थुंकत होते. चेहरा असा, की साक्षीदाराची गरज उरली नव्हती.

"कसं हाये?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"बरं हाये," जानराव कसेबसे म्हणाले.

बाईंनी स्वतः बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि म्हणाल्या, "लिंबाखाली आता चटई घेऊन जात जा."

महिन्यानं दर्यापूरहून जीप गावात आली, तेव्हा महादेवराव थांब्यावर हजरच. "बोला वहिनी, जास्त खारट कोन?"

"समुद्र," एवढं बोलून रुख्मिणीबाई पिशवी घेऊन घराकडं गेल्या.

महादेवराव सावकाश बुंध्यापाशी गेले, बसले, पाठ टेकली, वर दोनदा घासूनही पाहिली. "काय जानराव? आता काय मनते तुही विहीर?"

जानरावांनी समोर उघड्यावर बैठक मारली, टोपी नीट केली आणि म्हणाले, "टेक बाप्पा, मजेत टेक. पन एवढं पानी घेऊन बसला हाये थो समुद्र, तरी काठाले कपाशीचं एक बोंड नाई. माही विहीर दोन पान्यात पराटी हिरवी करते. आन् ध्यानात ठेव, मी हारलो त समुद्राले हारलो, तुले नाई!"