भाऊजींचे सगळे चहा

माझी थोरली बहीण आल्टरेशनची कामं करते. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कमरेत सैल करायच्या, चेन बदलायची. आमच्या वडिलांचं तेच दुकान होतं, ताई लग्नाआधीपासून तिथे बसायची. त्यांच्यामागे ते ताईने चालवलं, आणि आता दुकान बंद करून मशीन घरी आणलंय, कारण भाऊजींना एकटं सोडता येत नाही. त्यांना विसरायला होतं. 'विसरायला होतं' हे ताईचे शब्द. ती असंच गुळमुळीत बोलते. मला विचाराल तर त्या माणसाची वर्षं उसवत चालली आहेत, आणि तीही अलीकडच्या टोकाकडून.

आठवड्यातून दोन दिवस मी तिच्याकडे जाते. मी गेले की ती दुपारची आडवी होते. बाकी मदत ती घेत नाही. मी केलेला भात तिला मऊ लागतो, मी घडी घातलेला टॉवेल ती उलगडून पुन्हा घालते. डोळ्यांखाली काळं आलंय, चालताना भिंतीचा आधार घेते, पण खोड काही जात नाही.

भाऊजी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. जन्मभर पाळ्या केल्या. विडी नाही, पत्ते नाहीत, एक चहा तेवढा लागायचा, आणि त्यात मात्र भलतेच चोखंदळ. बरं, ते चोखंदळपण तरी एका जागी टिकावं! निवृत्त झाले तेव्हा मधुमेह निघाला, मग बिनसाखरेचा, पातळ. त्याआधी पित्ताने बेजार होते, तेव्हा निम्मं दूधच. त्याच्याही आधी पंपघरात दूध टिकायचं नाही म्हणून कोरा, कडक, थर्मासात भरून. आणि लग्न झालं तेव्हा गोडमिट्ट, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. ताईने हे सगळे चहा एकामागून एक केले, हूं की चूं न करता. कुरकुर तिच्या वतीने मी करायची.

गेल्या वर्षी एका सकाळी भाऊजींनी कप बाजूला सारला आणि विचारलं, यात दूध इतकं कमी का. ताईला वाटलं, आली लहर. तिने दूध घातलं. काही महिने तसे गेले आणि मग दुधाचाही कप परत आला. कोरा हवा होता. त्याच दिवशी भाऊजी बूट घालून दाराशी उभे राहिले. पाळीला उशीर होतोय, म्हणाले. तेव्हा ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊजी आल्या वाटेने परत निघाले होते, आणि कुठवर पोचलेत ते त्यांच्या चहावरून कळत होतं.

तिने मला हे सांगितलं तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती. दोरा जाईना. मी सुई तिच्या हातातून घेतली.

"आता गोड मागतील," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय, ते मला माहीत नाही. त्याच्या आधी मी नव्हतेच. मी कधी केला नाही असा चहा ज्या दिवशी मागतील ना, त्या दिवसापासून मी त्यांची कुणी नाही."

काहीतरीच बोलू नकोस, असं मी म्हणाले. पण हिशेब चोख होता.

गोड चहाची पाळी आली ती थंडीच्या सुरुवातीला. भाऊजींनी कोरा चहा तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. ताईने साखर घालून आणला, बशी समोर ठेवली. फुर्र करून त्यांनी तो ओढला आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "काय कात्रीबाई, आज कुणाची पँट कापलीत?" लग्नाच्या पहिल्या वर्षी ते तिला कात्रीबाई म्हणायचे. ते हातातल्या कात्रीमुळे की जिभेमुळे, हे त्यांनी कधी उलगडून सांगितलं नाही. पाळ्या सुरू झाल्या, संसाराचा गाडा सुरू झाला आणि कात्रीबाईची 'अगं' झाली ती झालीच. इतक्या वर्षांनी ते नाव ऐकून माझी बहीण, जी वडील गेले तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती, ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

तिथून ती लोभी झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. भाऊजींना त्या वर्षातून पुढे, म्हणजे मागे, सरकूच द्यायचं नाही असं तिने ठरवलं. सकाळी गोड चहा, दुपारी गोड चहा, जरा कुठे शून्यात बघायला लागले की ठेव आधण. साखर दोन चमचे, मग तीन. कात्रीबाई म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा आणि नाही म्हटलं की ती पुन्हा पातेलं चढवायची. रक्तातली साखर वाढायची ती वाढलीच. भाऊजींच्या टाचेला एक जखम झाली होती, ती भरेना. डॉक्टर ताडताड बोलले. ताईने मान डोलावली आणि घरी येऊन चहा टाकला.

मी साखरेचा डबा पिशवीत घालून घेऊन गेले. तिने शेजारणीकडून वाटीभर मागून आणली. तिचा स्वतःचा जीव तर नुसता पिळून निघाला होता. एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एकच पाय तिने दोनदा आखूड केला, आणि तो माणूस बिचारा एक पाय उघडा टाकून आमच्याकडे बघत उभा. त्या दिवशी माझा तोल गेला.

"अशाने मारशील त्यांना," मी म्हणाले.

"आणि जगवून काय करू?" ती शांतपणे म्हणाली. "मला ओळखत नसलेला माणूस सांभाळायचा? तोही बिनसाखरेचा?"

मी हात टेकले आणि भांडी घासायला घेतली.

मग एका दुपारी, मी तिथेच होते, ताईने कपबशी समोर ठेवली तर भाऊजींनी ती अलगद पुढे सरकवली. रागाने नाही, अगदी अदबीने. म्हणाले, मी चहा घेत नाही. मला आधी बरंच वाटलं. चला, साखरेचा प्रश्न मिटला. ताई म्हणाली, पोट भरलेलं असेल. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. "खरंच घेत नाही हो मी. पाणी चालेल." हा 'हो' परक्या बाईशी बोलतानाचा होता, आणि तो आम्हा दोघींनाही कळला.

आता ते कुठला चहा मागणार, तो कसा करायचा, हे विचारायला ताईने थोरल्या दिरांना फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते ओरडून बोलतात आणि समोरच्यालाही ओरडावं लागतं. ताईने ओरडून विचारलं की लग्नाआधी हे चहा कसा घ्यायचे.

"तो कुठला चहा पितोय!" दीर म्हणाले. "त्याला वासानेच मळमळायचं. तुमच्या दुकानात यायला लागला आणि तिथून शिकून आला. एकच पँट गाढवाने किती वेळा आखूड करून घेतली, शेवटी घोट्याच्या वर गेली."

फोन ठेवून ताई मशीनवर हात टेकून बसली. पँटीचं मला तेव्हाच कळलं होतं, म्हणाली, चहाचं नव्हतं. म्हणजे मुळात आवडच नव्हती. दुकानात वडील सांगायचे म्हणून सगळ्यांनाच गोडमिट्ट चहा आपण द्यायचो, तोच ते मुकाट प्यायले, आणि आपण तीच त्यांची आवड धरून बसलो. ती हसली थोडीशी. मला मात्र भडभडून आलं. एवढी वर्षं ज्याच्या चहाचे नखरे पुरवले, त्या माणसाने चहा धरला होता तो हिच्यासाठी, आणि ते हिला कळलं कधी, तर आत्ता.

ती उठली. तोंड धुतलं, केस सारखे केले, भाऊजींच्या समोर जाऊन उभी राहिली आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, चहा घेणार का. भाऊजींनी वर बघितलं. "नको बाई. मी घेत नाही." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

ताई परत मशीनशी आली. मी म्हटलं, दुकानातही पहिल्यांदा त्यांनी आढेवेढे घेतलेच असतील. तेव्हा तू काय म्हणाली होतीस, की त्यांनी घेतला? तेच म्हणून बघ ना.

ती आठवत राहिली. शिवणीला घेतलेलं कापड हातात तसंच होतं.

"नाही गं आठवत," ती म्हणाली. "तेव्हा कुठे लक्ष होतं माझं? ते ह्यांनाच ठाऊक असणार. आणि हे तर अजून दुकानात आलेच नाहीत."