खडकावरचा अभिषेक

भोजपूरचं शिवमंदिर भोज राजाने अर्धवट सोडलं, तेव्हा पुढची सगळी जबाबदारी आमच्या शेजारच्या काकांवर सोपवली असावी, असं माझं पक्कं मत आहे. काका तिथून जवळच्या शहरात, इंद्रपुरी वस्तीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. आयुष्यभर त्यांनी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना कळलं की हेच काम हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी देवळाजवळच्या खडकावर छिन्नीने करून ठेवलंय. झालं. तेव्हापासून दर सोमवारी स्कूटरच्या डिकीत केरसुणी आणि पाण्याचा तांब्या घालून स्वारी भोजपूरला.

आत पुजारी शिडी लावून त्या अवाढव्य पिंडीवर चढायचे, पाणी घालायचे, बेल वाहायचे. काका दारातूनच हात जोडायचे आणि बाहेर येऊन खडक झाडायला लागायचे. मग त्यावर पाणी शिंपडायचं, की ओल्या दगडावर रेघा उठून दिसत: खांब, मंडप, कधीच न चढलेलं शिखर. त्या रेघांवर कुणी डबा उघडून बसलं, तर काका त्यांना अतिशय नम्रपणे उठवत आणि मग अर्धा तास सोडत नसत. हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं आणि उजाडलं म्हणून अपुरं राहिलं, अशी गोष्ट तिथे सगळेच सांगतात. काका विचारायचे, एका रात्रीत ड्रॉइंग तरी मंजूर होतं का? एकदा चौकीदाराने त्यांना समजावलं, "बाबूजी, जल अंदर चढाइए, भोलेबाबा अंदर हैं."

"मालूम है भैया," काका म्हणाले, "पर उनके घर का नक्शा तो बाहर है."

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास झाले, तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. काकांनी बाबांना न विचारताच मला स्कूटरवर मागे बसवलं. वरून काय दिसतं, समोरून काय दिसतं, हे मला कॉलेजात कधी कळलं नाही. ते त्या खडकावर उकिडवं बसून कळलं. पुढे पास झाले. आज नकाशे काढूनच माझं पोट भरतं, आणि हे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या वर्षी काकांचे डोळे काचबिंदूने जवळजवळ गेले. काकूंनी स्कूटरची किल्ली लपवली, पण तशी गरजच नव्हती. आता जाऊन मला दिसणार काय, असं म्हणून त्यांनी भोजपूरचं नावच टाकलं. सोमवारी अंघोळ करून नुसते खुर्चीत बसायचे. ते मला बघवेना. एका सोमवारी मी केरसुणी आणि तांब्या घेऊन त्यांना गाडीत बसवलं.

तिथे त्यांनी सवयीने खडक झाडला, पाणी शिंपडलं आणि विचारलं, "उठल्या का गं रेघा?"

पाणी भलत्याच ठिकाणी, कोऱ्या दगडावर पडलं होतं. मी त्यांचा हात धरला, दोन हात पलीकडे नेऊन बोट खाचेत ठेवलं आणि म्हटलं, "काका, हे शिखर."

बोट हळूहळू पुढे सरकलं, थांबलं, वळलं.

"शिखर नाही बेटा, हा मंडपाचा कोपरा," ते म्हणाले. "अजून कच्चीच आहेस तू."

ड्रॉइंगमध्ये मी तिसऱ्यांदा नापास झाले होते, आणि इतका आनंद मला पास झाल्यावरही झाला नव्हता. तांब्यात उरलेलं पाणी मी त्यांच्या बोटामागून ओतत राहिले.