तिसऱ्या सिलिंडरची परीक्षा

नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचे एक सदस्य मे महिन्यात चंद्रपूरला फेल्ट हॅट घालून आले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. चढावर दम टाकू लागलेल्या आमच्या दोन सीटांच्या विलायती स्पोर्ट्स कारला त्यांनी प्रदक्षिणा घातली, चारही प्लग काढले आणि एकेका भोकात दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडरांत काटा दीडशेच्या आसपास गेला. तिसऱ्यात नव्वदवरच थांबला.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन संपलं," ते म्हणाले. सुट्या भागांसाठी गाडी न्यायची तयारीही त्यांनी दाखवली. रविवारी ट्रक पाठवणार होते. मग त्यांनी माझ्या बायकोकडे चहा मागितला. ती आयटीआयमध्ये आयुष्यभर डिझेल मेकॅनिक शिकवत होती, हे सांगायला त्यांनी मला उसंत दिली नाही.

ते गेल्यावर मी खचून बसलो. वीस वर्षं जपलेली गाडी होती.

"रिंगा गेल्या हे त्यायले कोनं सांगितलं?" बायकोनं विचारलं.

"काट्यानं."

"काटा दाब सांगते. कुठून गळून राह्यलं ते नाई सांगत. एक चक्कर मारून आना, इंजिन गरम होऊ द्या."

मी चक्कर मारून आलो. तिनं प्लग काढले, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर सोडवली. "एक्सिलेटर पुरा दाबा. पाय उचलू नका, आयटीआयतले माहे पोट्टेबी मधातच उचलत."

पुन्हा नव्वद. मग तिनं तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. रिंगा झिजल्या असतील तर तेलानं फट घटकाभर बुजते आणि काटा चढतो. तो नव्वदच्या पुढे हलला नाही. ती खूश झाली.

"रिंगा ठीक हायेत. वाल्व्ह बसून नाई राह्यला."

तिनं वरचं झाकण उघडून वाल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटच्या फटीत मापाची पातळ पत्ती घालून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या वाल्व्हपाशी पत्ती शिरेचना.

"याले हात कोनं लावला?"

मी. औष्णिक वीज केंद्रात माझी सारी नोकरी गेली. तिथं टकटक म्हणजे बिघाड. आवाज आला की कसायचं. दिवाळीत हा टॅपेट मी कसला आणि 'बघा, आवाज येतो का?' म्हणत गाडी सगळ्या पाहुण्यांना दाखवली.

"टॅपेट हाय ते, थोडं बोलनारच. तुमी त्याचं तोंड बंद केलं आन् वाल्व्ह उघडाच राह्यला." तिनं फट नीट लावली. "आता वाल्व्हच जळला असन तं काटा नाई चढनार. मंग द्या गाडी."

मी एक्सिलेटर दाबला, स्टार्टर फिरवला. सीटवरून काटा दिसत नव्हता, फक्त तिचा चेहरा दिसत होता. तोंडी परीक्षेतल्या परीक्षकासारखा कोरा.

"किती?"

"पाय नका उचलू!" मग जरा थांबून, "एकशे पंचेचाळीस."

मी लगेच नागपूरला फोन लावून ट्रक नको म्हणून कळवलं. तपासलं कुणी, असं त्यांनी विचारलं.

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेताना मला अवघडल्यासारखं झालं होतं. हे दोन शब्द मात्र मी चांगले ठासून उच्चारले.

त्यांचीही एक गाडी हल्ली चढावर दम टाकत होती म्हणे. मी फोन तिच्याकडे दिला.

"आना की भाऊ," ती म्हणाली. "फक्त काय बिघडलं ते आधी सांगू नका."