यादीतलं सतरावं घर

जामखेडात दुकानाची पाटी असो, टेम्पोवरचं 'आईचा आशीर्वाद' असो की लग्नघराच्या दारावरचा गणपती, हात अजिनाथ पेंटरचाच. माणूस भला, अक्षर देखणं, पण एक खोड मोठी. त्याला कामाला नाही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीने त्याला काम दिलं. ज्यांचे हप्ते थकले त्यांच्या दर्शनी भिंतीवर 'हे घर तारण असून कर्ज थकीत आहे' असं लाल रंगात लिहायचं, भिंतीमागे अडीचशे रुपये. त्याची बायको छबूबाई म्हणाली, लोकांची अब्रू चव्हाट्यावर मांडू नका. त्यावर याचं म्हणणं, आपण फक्त अक्षर काढतो, मजकूर कंपनीचा. काहीजण हप्ते भरल्याच्या पावत्या नाचवत अंगावर येत. ब्रश न थांबवता तो त्यांना ऑफिसचा पत्ता सांगे.

एका मंगळवारी यादीत सतरावं घर त्याचंच निघालं. त्यानेही याच कंपनीचं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या होत्या, आणि हप्ता दर पाच तारखेला बँकेतून न चुकता जात होता. यादी घेऊन बरोबर फिरणाऱ्या कंपनीच्या सुहाससाहेबांना त्याने पासबुक दाखवलं. साहेबांनी मोबाईल दाखवला. मोबाईलमध्ये तीन हप्ते बाकी होते, आणि मोबाईलपुढे पासबुकाला कोण विचारतो! यादी पुरी झाल्याशिवाय आधीच्या सोळा भिंतींचं बिलही निघणार नाही, असं साहेब वर म्हणाले.

मग या पठ्ठ्याने स्वतःची भिंत रंगवली. तीही कशी, तर सुतळीने रेघ मारून, अक्षरांना काळी सावली देऊन, कडेने वेलबुट्टी काढून. खाली सवयीने 'अजिनाथ आर्ट्स' आणि फोन नंबरही टाकला. आठ दिवसांत ती भिंत बघून दोन नवी गिऱ्हाइकं आली. छबूबाईने मात्र बोलणं टाकलं आणि पुढचं दार बंद करून ती मागच्या दाराने ये-जा करू लागली. अजिनाथला घास गोड लागेना.

महिनाभर खेटे घातल्यावर घोळ सापडला. याचे हप्ते कर्जतच्या दुसऱ्याच एका अजिनाथच्या कर्जात जमा होत होते, आणि तो गृहस्थ कर्ज झरझर फिटतंय म्हणून खुशीत होता. शेजारी म्हणून त्या दिवशी ऑफिसात मीही बरोबर होतो. सुहाससाहेबांनी चहा मागवला, चूक कबूल केली आणि भिंत पुसून बिल लावा म्हणाले.

अजिनाथ जागचा हलला नाही. त्याला ते पावत्या नाचवणारे एकेक आठवत असावेत. या माणसाला इतकं शरमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाही फार वाईट वाटलं.

"साहेब, आदी बाकीच्या भिंती तपासा," तो म्हणाला. "मी रंगवलेल्या समद्या."

तो रोज ऑफिसच्या दारात जाऊन बसायला लागला, तेव्हा कुठे तपासणी झाली. वर्षभरात रंगवलेल्या साठातल्या अकरा भिंती चुकीच्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढऱ्या रंगाची बादली घेऊन अंगणात आला आणि आधी आपल्याच भिंतीकडे वळला. इतक्या दिवसांनी छबूबाई पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"आपली शेवटाला," ती म्हणाली. "तवर वाचू द्या लोकांला."

आणि दुसरा ब्रश उचलून ती पुढे चालू लागली.